परिपक्वता मोजली कुणी? उमेदवारीच्या वयावरचा एक अहवाल वाचताना

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात त्याचा संशोधन आराखडा वाचायला पाठवला. विषय: निवडणूक लढवण्याचं किमान वय २५ वरून १८ करावं का? आधार एकच, संसदेच्या स्थायी समितीचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल. समितीचे अध्यक्ष तेव्हा सुशीलकुमार मोदी होते. मी सायन्सवाला, राज्यशास्त्र माझा प्रांत नाही. पण अहवाल वाचला आणि लक्षात आलं, आपण सगळे आराखड्यात जी चूक करतो तीच इथे आहे.

आधी नियम बघू. मतदानाचं वय १८ आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीआधी, म्हणजे १९८९ पर्यंत, ते २१ होतं. लोकसभा-विधानसभा लढवायला २५, राज्यसभेला ३०, राष्ट्रपतिपदाला ३५. राज्यसभेचा आकडाही सुरुवातीला ३५ सुचवला होता. मे १९४९ मध्ये संविधान सभेत दुर्गाबाईंनी दुरुस्ती मांडली आणि तो ३० झाला. म्हणजे हे आकडे चर्चेतून आलेत, मोजमापातून नाही. त्यात वाईट काही नाही. पण आता ते बदलायचे किंवा टिकवायचे म्हणताना तरी मोजमाप हवं की!

समिती म्हणते १८ करा, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात तसंच आहे. निवडणूक आयोग म्हणतो, अठराव्या वर्षी एवढ्या जबाबदारीचा अनुभव आणि परिपक्वता असेल ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. समिती दुसऱ्या देशाचा नियम सांगते, पण त्या नियमाने तिथे काय घडलं ते मोजत नाही. आयोग ‘परिपक्वता’ म्हणतो, पण त्याची व्याख्या देत नाही. मुलाखतीत हे बोललात तर गाईड पहिला प्रश्न विचारेल: व्हेरिएबल कोणता?

परिपक्वता मोजताच येत नाही असंही नाही. २०१९ मध्ये ११ देशांतल्या, भारत धरून, १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांवरचा एक अभ्यास आला. शांतपणे विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांइतकी होते, पण मोहाला, दबावाला आवर घालण्याची क्षमता अठराच्या पुढेही वाढत राहते, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘परिपक्वता’ ही एक गोष्ट नाहीच, निदान दोन आहेत. मत देताना कोणती लागते आणि सभागृहात बसताना कोणती, हे आधी ठरवायला हवं. अर्थात हा अभ्यास चाचण्यांवरचा आहे. चाचणीत आवर घालणारा माणूस टेंडरच्या फाईलपुढे कसा वागेल, ते त्यातून कळत नाही.

मला खरी चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. तुलना करायला कॅनडाला जायची गरजच नव्हती. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीपासून, म्हणजे १९९३ पासून, ग्रामपंचायत ते महापालिका उमेदवारीचं वय २१ आहे. एकट्या सोलापूर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. २१ ते २४ वयाचे सदस्य आणि त्यांच्याच शेजारच्या वॉर्डातले पंचविशी-तिशीतले सदस्य, तीस वर्षांची नोंद आपल्या दाराशी पडून आहे. तुलना सरळ होणार नाही, हेही खरं. थेट सरपंचपदासाठी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आहे. त्यामुळे तरुण सरपंच आधीच शिक्षणाच्या चाळणीतून आलेले असतात, मोठ्या वयाचे नसतात. फरक दिसला तर तो वयाचा की शाळेचा?

दुसरी चाळणी घराण्याची. शेजारच्या सांगली जिल्ह्यात रोहित पाटील २०२४ ला पंचविशीत आमदार झाले, आमच्या सोलापुरात प्रणिती शिंदे २००९ ला २८ व्या वर्षी. दोघांना लोकांनी निवडून दिलं, त्यावर वाद नाही. पण एकाचे वडील गृहमंत्री होते, दुसऱ्यांचे मुख्यमंत्री. शिवाय रोहित पाटलांनी पंचविशीच्या आधीच, २०२२ ला, कवठेमहांकाळच्या नगरपंचायतीत पॅनेलचं नेतृत्व केलं होतं. वयाच्या अटीने त्यांना काही काळ फॉर्म भरण्यापासून थांबवलं, राजकारणापासून नाही. ज्याच्या घरात कुणी नाही त्याला ती किती थांबवते, हे अहवालात कुठेच नाही.

आणि माझं स्वतःचं उदाहरण घ्या. जन्म जानेवारी १९९९ चा. सोलापूर महापालिकेची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला, तोवर मला अठरा पूर्ण झालेली होती. पण यादीसाठी १ जानेवारीला पूर्ण असायला हवी होती, थोडक्यात हुकलं. पुढची २०२२ ला व्हायला हवी होती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट असं होत होत ती झाली १५ जानेवारी २०२६ ला. महापालिकेसाठी पहिलं मत दिलं तेव्हा मी २७ चा होतो. कायद्यात वय १८, माझ्या बाबतीत २७. असे किती जण असतील, ते जन्मवर्ष आणि मतदार यादीवरून काढता येतं.

ज्युनिअरला लिहिलं की शीर्षकातला ‘करावं का’ काढ आणि ‘२१ ते २४ वयोगटातील ग्रामपंचायत सदस्य’ घाल. त्याचा लगेच मेसेज आला, “दादा, मोहोळ आणि माळशिरस एवढे दोनच तालुके घेतले तर चालेल का?” म्हटलं, चालेल, पण आधी तहसीलला जाऊन जुने उमेदवारी अर्ज बघायला मिळतात का ते विचारून ये.