माकड आणि पाना

दिवाळी अंकात टीकालेख यायचा तो कादंबरीवर, नाटकावर, फार तर बोलपटावर, असा आपला रिवाज. संगणकाच्या पडद्यावरील खेळांना या पंक्तीत पाट मांडून द्यावा की नाही, याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हे मी जाणतो. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे चालले होते ते पाहून राहवेना. अकरा वर्षांची पुतणी, तिची आजी आणि मी असे तिघेजण तीस वर्षांहून जुन्या अशा दोन खेळांत चार दिवस गुंतून पडलो होतो. चिवड्याची परात समोर, आणि 'हे कोडे खरे की लबाडीचे' या प्रश्नावर आवाज चढलेले! आमच्या घरी एवढा वाद कोणत्याही कादंबरीवर झालेला मला आठवत नाही. ज्या वस्तूवरून घरात भांडण होते, तिच्यावर टीका लिहायला हरकत नसावी.

हे खेळ गोळ्या झाडण्याचे नव्हेत की मोटारी पळवण्याचे नव्हेत. इंग्रजीत त्यांना अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणतात. परंतु साहसापेक्षा त्यांत खिसे चाचपणेच अधिक. पडद्यावर एक खोली असते, एक रस्ता असतो, एखादे बेट असते. आपला नायक त्यात उभा. दिसेल ती वस्तू उचलावी, भेटेल त्याच्याशी बोलावे, आणि या माणसाची दोरी त्या विहिरीला लावून कथा एक पाऊल पुढे सरकवावी, एवढाच व्यवहार. आरंभी काम सांगायचे ते शब्द टंकून. 1984 साली सिएरा या अमेरिकन कंपनीने काढलेल्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये हीच रीत होती. आपण एक शब्द लिहावा आणि यंत्राला दुसराच ठाऊक असावा, असा तो संसार. 1987 साली लुकासफिल्म गेम्सच्या रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन' काढला आणि ही शिक्षा संपवली. 'उचल', 'ढकल', 'ओढ', 'दे' अशी क्रियापदे त्यांनी पडद्याच्या तळाशी मांडून ठेवली. एक टिचकी क्रियापदावर, एक वस्तूवर, वाक्य पुरे. कर्ता ठरलेला, कर्म शोधायचे, क्रियापद निवडायचे. व्याकरण शिकवण्याची याहून गोड रीत माझ्या पाहण्यात नाही.

या खेळांचे पहिले सुख म्हणजे त्यांत कोणी घाई करीत नाही. नायक उभा राहतो, समुद्र हलत राहतो, संगीत वाजत राहते. आपण चहा करून आलो तरी तो तेथेच. 1993 साली आलेल्या 'मिस्ट'मध्ये तर माणूसच जवळजवळ नाही, नुसते निर्जन बेट आणि त्यावरील यंत्रे. तरीही 2002 पर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ तोच होता. मला स्वतःला ती शांतता थोडी कोरडी वाटते. माझा जीव रमतो तो 1990 सालच्या 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भोळा तरुण चाचा होण्यासाठी बेटावर येतो. त्याला तलवार शिकायची असते. पण या बेटावर तलवारीचे युद्ध जिंकायचे ते जिभेने! प्रतिस्पर्धी टोमणा मारतो, आपण चपखल उत्तर द्यायचे. आपल्याकडच्या माणसाला येथे कलगी-तुऱ्याचा फड आठवल्यावाचून राहणार नाही. टोमणे आणि उत्तरे शिकायची ती हरत हरत, वाटेत भेटेल त्या चाच्याकडून. शेवटी तलवारबाजीची गुरू असलेली बाई समोर येते आणि सगळे नवेच टोमणे फेकते. क्षणभर छातीत धस्स होते. मग ध्यानात येते की जुनीच उत्तरे नव्या टोमण्यांना वेगळ्या अर्थाने लागू पडतात. पाठांतर केलेला तेथे अडखळतो, अर्थ कळलेला तरतो. परीक्षा कशी घ्यावी हे आपल्या परीक्षकांनी येथून उचलावे.

याच खेळातले आणखी एक कोडे. गायब्रशला एका जड मूर्तीला दोरीने बांधून समुद्रात ढकलून दिलेले असते. तळाशी धारदार शस्त्रे पसरलेली आहेत, पण दोरी नेमकी तोकडी. एकाही शस्त्रापर्यंत हात पोचत नाही. त्याचा दम टिकतो दहा मिनिटे, अशी त्याची बढाई आहे. खेळणारा दोरी कापण्याच्या शंभर युक्त्या करतो. उत्तर असे की मूर्तीच उचलावी, खिशात घालावी आणि चालते व्हावे. पुतणीने हे शोधून काढले तेव्हा ती पाचेक मिनिटे हसत होती. आजीने 'अगं, काय झालं' म्हणून स्वयंपाकघरातून डोकावले, आणि येथूनच आजीचा या प्रकरणात प्रवेश झाला. (दहा मिनिटे खरोखरच काही केले नाही तर बिचारा बुडतोही. ज्या खेळात मरणच नाही असे म्हणतात, त्यातले हे एक गुपित.)

आता रुसव्याकडे वळू. कारण या खेळांवर जितके लोक लोभ करतात तितकेच दात-ओठ खातात, आणि त्यांचे चुकते असे नाही. 1990 सालच्या 'किंग्ज क्वेस्ट'च्या पाचव्या भागात राजा ग्रॅहॅमला डोंगरात भूक लागते. त्याच्या झोळीत मिठाईवाल्याकडची पाय असते. भुकेल्याने ती खावी यात गैर ते काय? पण पुढे एक हिममानव भेटणार आहे आणि ती पाय त्याच्या तोंडावर फेकायची आहे. ती खाल्ली असेल तर खेळ संपला. मात्र खेळ तसे सांगत नाही. आपण बापडे तासन् तास हिंडत राहतो. त्याच खेळात एक मांजर उंदराच्या मागे धावते. (हा खरा उंदीर, हाताखालचा नव्हे.) त्या दोन-चार क्षणांत मांजरावर काही भिरकावले नाही, तर पुढे खाणावळीच्या तळघरात बांधलेले असताना दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही. 'चांदोबा'तला वेताळ विक्रमाला इतके प्रश्न घालतो, पण उत्तराला लागणारी प्रत्येक गोष्ट त्याने कथेत आधी सांगितलेली असते. हे असले कोडे वेताळानेही घातले नसते.

गिल्बर्टने हा दोष फार लवकर ओळखला होता. 1989 साली त्याने या खेळांच्या वैगुण्यांवर एक निबंधच लिहिला. मरून मरून शिकण्याची पाळी खेळणाऱ्यावर येऊ नये; मागे परतता येत नसेल तर पूर्वी न उचललेल्या वस्तूची गरज पुढे पडू नये; कुलूप दिसण्याआधी किल्ली हाती येऊ नये. असे साधे, न्यायाचे नियम. पण गंमत अशी की, सर्वांत बदनाम कोड्यांपैकी एक त्याच्याच 1991 सालच्या 'मंकी आयलंड 2'मध्ये आहे. एका गुत्त्यात एक माकड पियानो वाजवते. तेथील तालयंत्रावर केळे ठेवायचे. केळे डोलू लागले की माकड मोहिनी पडल्यासारखे ताठ होते. ते उचलायचे, दुसऱ्या बेटावरच्या धबधब्याशी न्यायचे आणि पंपाचा नळ त्याने पिळायचा. का? तर अमेरिकेत एका जातीच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात! इंग्लंडात पान्याला स्पॅनर म्हणतात, तेव्हा हा विनोद खुद्द इंग्रजालाही जड जावा. मराठी मुलाची काय कथा? आमच्या पुतणीने कोडे सोडवले खरे, पण कसे? झोळीतली प्रत्येक वस्तू त्या पंपाला लावून पाहिली, आणि माकड लागले. पंप बंद झाला, आणि ती हसली नाही. 'बरं, मग?' म्हणून माझ्याकडे पाहत राहिली.

त्याहून पुढची पायरी 1999 सालच्या 'गेब्रियल नाइट 3'ने गाठली. मित्राच्या नावावरची मोटारसायकल मिळवायची म्हणून नायक मित्राचे सोंग घेतो. भोकाला चिकटपट्टी लावून तेथून निसटणाऱ्या मांजराचे केस मिळवायचे, पाकाने ते ओठावर चिकटवून मिशी करायची. आणि मित्राला तर मिशी नाहीच. म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्राला पेनाने मिशी काढायची! पुष्कळ जण म्हणतात, हा खेळप्रकार या मिशीनेच मेला. मला हे अतिशयोक्त वाटते. तोवर लोकांची आवडच बदलली होती. पण मरणाऱ्याच्या तोंडी गंगाजळ घालावे तर याने मिशी चिकटवली, एवढे खरे.

याच्या उलट टोकाला 1993 सालचा 'डे ऑफ द टेंटॅकल' आहे. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांचा हा खेळ माझ्या मते या प्रकारातला सर्वांत नेटका. तीन मित्र एकाच घराच्या तीन काळांत अडकले आहेत: एक आज, एक दोनशे वर्षांमागे, एक दोनशे वर्षांपुढे. भविष्यातली मुलगी एका झाडात अडकली आहे. तेच झाड दोनशे वर्षांपूर्वी लहान आहे आणि त्याला कुमक्वाटची फळे लागली आहेत. त्या फळांना लाल रंग दिला की जॉर्ज वॉशिंग्टन त्याला चेरीचे झाड समजून तोडतो, आणि तिकडे भविष्यातली मुलगी धपकन खाली पडते. आता वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची दंतकथा आपल्या मुलांना कुठली ठाऊक? मला ती पुतणीला सांगावी लागली. पण दंतकथा सांगितल्यावरही रंग द्यायचे तिलाच सुचावे लागले. माकडाच्या कोड्यात सांगणे म्हणजेच सोडवणे. या दोन कोड्यांत जो फरक आहे तो एवढ्यातच आहे, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

याच खेळात भूतकाळातल्या मित्राला व्हिनेगर हवे असते, आणि तेथे द्राक्षमद्याची एक बाटली आहे. पुतणी आणि मी दोघेही अडलो. आजी बराच वेळ पाहत होती. तिला वॉशिंग्टन ठाऊक नाही, माऊस धरायची तिला भीती वाटते. ती म्हणाली, 'अरे, द्राक्षाचा रस ठेवून द्या की. जुना झाला म्हणजे आंबेलच तो.' भूतकाळात लोक भावी पिढ्यांसाठी वस्तूंची एक पेटी पुरणार होते. बाटली तिच्यात टाकली. चारशे वर्षांनी, भविष्यात, व्हिनेगर तयार! कॅलिफोर्नियात रचलेले कोडे लोणची-मुरांबे घालणाऱ्या बाईने जागच्या जागी सोडवले. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

हे खेळ आता पुन्हा उजेडात येत आहेत. 2012 साली शेफरने नव्या खेळासाठी लोकांकडे वर्गणी मागितली, तर सत्त्याऐंशी हजारांहून अधिक लोकांनी तेहेतीस लाख डॉलरच्या वर जमवून दिले. 2022 साली गिल्बर्ट आणि ग्रॉसमन यांनी 'रिटर्न टु मंकी आयलंड' काढला. त्यात नायकाजवळच उत्तरांच्या सूचनांचे पुस्तक दिलेले आहे. अडलात तर उघडा, थोडेसे वाचा, मिटा. योजना सभ्य आहे. एरवी आज प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि फोनात प्रत्येक कोड्याचे उत्तर; त्यापेक्षा हे पुस्तक बरे. तरी मला ते रुचत नाही. लबाड कोड्यावर उपाय म्हणजे बरे कोडे, उत्तरसूची नव्हे. आणि बऱ्या कोड्याशी अडणे हा खेळाचा खोळंबा नसून तोच खेळ असतो. दळताना, बसच्या रांगेत, आंघोळीच्या वेळी ते डोक्यात घोळत राहते. माझ्या तरुणपणी एका मित्राच्या घरी असाच एक खेळ होता. आम्ही त्यात दीड महिना एका दाराशी थांबलो होतो. ते दार कसे उघडले ते मी विसरलो. आम्ही सायंकाळी काय काय बोललो ते विसरलेलो नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतणी नाशिकला परत गेली तेव्हा आम्ही एके ठिकाणी अडलेले होतो. खेळ तसाच जपून ठेवला आहे. फोनात उत्तर पाहायचे नाही असे आमच्यात ठरले आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिने ते पाळले आहे. माझ्याबद्दल ती तेवढी निश्चिंत नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. आजीची चौकशी होते, शाळेचे होते, आणि मग आवाज जरा खाली आणून ती विचारते, 'काका, काही सुचलं का? खरं सांगा, बघितलं तर नाही ना?'