आधी कोण फिरले?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी पापाची गोष्ट काढणे हे शिष्टसंमत नव्हे. परंतु नरकचतुर्दशीला पहाटे उठून, अंगाला तेल-उटणे लावून, पायाखाली कारीट फोडणारा माणूस वर्षाकाठी एकदा का होईना, जुने काही धुऊन काढायच्या खटपटीत असतोच. तेव्हा ख्रिस्ती कवी-लेखकांनी आपल्या मराठीत पाप आणि पश्चात्ताप यांविषयी जे लिहिले, त्याकडे थोडे पाहावे, असे मी योजिले आहे. मी हिंगोली जिल्ह्यातला. कयाधूकाठचे नर्सी आणि नागनाथाचे औंढा ही आमची जवळची गावे. त्यामुळे हे वाङ्मय मी नामदेवांना शेजारी बसवूनच वाचत आलो. नामदेवांचा जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, हा वाद पंडितांनी चालवावा. आमच्याकडे तो केव्हाच मिटलेला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘पश्चात्ताप’ हा आपला शब्द भाजणारा आहे. त्यात ताप आहे, मागाहून पोळणे आहे. ‘अनुताप’ हा संतांचा आवडता शब्दही त्याच कुळातला. उलट नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे, आणि जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचा तर नुसता मागे फिरणे, वाट बदलून परत येणे. एकीकडे जळणे, दुसरीकडे वळणे. मराठी बायबलाने ‘पश्चात्ताप’ स्वीकारला आणि नकळत वळणाऱ्या माणसाच्या जागी जळणारा माणूस उभा केला. या एका शब्दाने आपल्या ख्रिस्ती कवितेचे पुष्कळ भले केले आणि थोडे नुकसानही केले, असे मला वाटते.

हा प्रवाह जुना आहे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे 1616 साली छापले गेले. आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत सांगणाऱ्या त्या इंग्रज जेझुइटाने मराठीवर किती जीव लावला, हे सर्वश्रुत आहे. परंतु तेथे पाप हा कथेचा विषय आहे. सांगणाऱ्याच्या काळजाला बोचणारा काटा तो अजून झालेला नाही. तो काटा शोधायचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडेच यावे लागते.

टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, असे ते म्हणत. हे वाक्य आपण कौतुकाने उगाळतो, पण त्याचा अर्थ लावीत नाही. पुलावरून माणूस येतो तेव्हा गाठोडे घेऊन येतो. टिळकांच्या गाठोड्यात अभंगाचा छंद होता, ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणण्याची सलगी होती, तशीच पतित आणि पतितपावन ही जोडीही होती. ‘अभंगांजली’त जेथे ते सलगीने बोलतात तेथे त्यांची वाणी झऱ्यासारखी आहे. जेथे ते आपल्याला पापी, नष्ट, अधम म्हणवून घेतात तेथे मात्र मला ती परंपरेने हाती दिलेली भाषा वाटते. कोणते पाप, कोणाचा अपराध, हे त्या ओळींतून कळत नाही. नाव नसलेल्या पापाचा पश्चात्ताप फार लवकर गोड होतो.

आमच्या औंढ्याची एक कथा याच्या उलट आहे. नामदेव पूर्वायुष्यात वाटमाऱ्या होते आणि नागनाथाच्या देवळात एका बाईने भुकेल्या लेकराला रागावताना, याचा बाप लुटारूंनी मारला म्हणून ही दशा आली, असे म्हटलेले त्यांनी ऐकले. तो मारणारा आपणच, हे ओळखून ते कोसळले. ही कथा ज्या अभंगावर उभी आहे तो नामदेवांचा नव्हेच, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते. पण ज्याने ती रचली त्याला पश्चात्ताप कळला होता. तेथे पापाला नाव आहे, आणि समोर एक उपाशी लेकरू आहे.

नामदेवांचे दुसरे एक वैशिष्ट्य टिळकांत मला आढळत नाही, ते म्हणजे देवाशी भांडण. पतितपावन हे नाव ऐकून दाराशी आलो, पण तू तसा नाहीस, तेव्हा हा मी निघालो, असे विठ्ठलाला सुनावणारा अभंग आपण सारेच ऐकत आलो आहोत. टिळक देवाशी असे कधी तंडत नाहीत. त्यांच्या वाट्याचे भांडण बहुधा घरातच खर्ची पडत असावे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना मी काय म्हणतो ते कळेल!

आता खरा प्रश्न. आधी पश्चात्ताप आणि मग देवाची जवळीक, असा क्रम आपण धरून चालतो. देवळाच्या पायरीवर पाय धुवावेत आणि मग आत जावे, तसा. परंतु शुभवर्तमानातल्या उत्तम गोष्टी हा क्रम पाळीत नाहीत. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा घरी निघताना बापापुढे म्हणायचे वाक्य घोकून ठेवतो. त्याचा शेवट असा की, मला तुझ्या मजुरांतला एक करून ठेव. प्रत्यक्षात बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो, आणि त्या घोकलेल्या वाक्याचा शेवटचा तुकडा मुलाच्या तोंडून बाहेर पडतच नाही. जकातदार जक्कयाचेही तेच. येशू आधी त्याच्या घरी उतरायचे ठरवतो. लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय नंतर बोलतो. पंडिता रमाबाईंचा अनुभव याला साक्ष आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. पण आपण धर्म स्वीकारला, ख्रिस्त नव्हे, हे आपल्याला पुढे सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

आणि औंढ्याला तर देऊळच फिरले. नामदेवांना कीर्तन करताना समोरून उठवून मागे घालवले, तेव्हा देवळाने तोंड त्यांच्याकडे वळवले, अशी आख्यायिका आहे; नंदी मागच्या बाजूला का, याचे उत्तर आमच्याकडे आजही हेच मिळते. देऊळ फिरल्याची हकीकत गुरु ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या पदातही आली आहे, आणि तेथे हाकलण्याचे कारण स्पष्ट आहे: जात. ज्याला मागे बसवले त्याचा अपराध काहीच नव्हता. वळायला हवे होते ते समोरच्यांनी. म्हणून आपल्या देशात ‘पाप’ हा शब्द फार जपून वापरला पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मानेच अपवित्र ठरवले, त्यांना नव्या धर्माने पुन्हा पहिली गोष्ट तुम्ही पापी आहात हीच सांगावी, यात एक क्रूरता आहे. टिळकांना ती जाणवली होती काय? त्यांच्या अभंगांतून मला निश्चित सांगता येत नाही. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात ती जाणीव असावी असे वाटते.

लक्ष्मीबाईंच्या गद्यात मात्र ती धडधडीत आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले. तरी पश्चात्तापाचे त्यांचे खरे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ हेच, आणि गंमत म्हणजे त्यात पश्चात्तापाची प्रवचने जवळजवळ नाहीत. लूकच्या त्या कथेत एक थोरला भाऊही आहे. तो कधी चुकला नाही, घर सोडून गेला नाही, आणि म्हणूनच मेजवानीच्या दिवशी अंगणात रुसून उभा राहतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे न सांगताच लूक कथा संपवतो. लक्ष्मीबाई या त्या थोरल्या भावाच्या जागी उभ्या आहेत. नवरा बाटला; त्यांनी काहीच केलेले नाही. त्या परत नांदायला येतात तेव्हाही त्यांचे सोवळे वेगळे, चूल वेगळी, पाणी वेगळे. मग कोणाच्या उपदेशाशिवाय, त्यांचा स्वतःशीच वाद होतो: हा भेद देवाने केला की माणसाने? आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार होतात. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. टिळकांच्या आणि त्यांच्या दीक्षेत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि त्या पाच वर्षांत टिळक अंगणात त्यांच्यासाठी थांबले होते.