परिसर-पोलिसांचा निधी आणि विद्यार्थ्यांचा आधार : अमेरिकी विद्यापीठांतील एका मागणीची चिकित्सा

मिनिआपोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. दोनच दिवसांनी, २७ मे रोजी, त्या शहरातील मिनेसोटा विद्यापीठाच्या अध्यक्ष जोन गेबल यांनी जाहीर केले की फुटबॉल सामन्यांसारख्या मोठ्या कार्यक्रमांसाठी शहर पोलिसांची जादा कुमक यापुढे विद्यापीठ कंत्राटाने घेणार नाही. विद्यार्थी-संघटनेच्या अध्यक्षांनी प्रशासनाला चोवीस तासांची मुदत दिली होती. या निर्णयाचे देशभर स्वागत झाले, परंतु एक गोष्ट त्या गडबडीत फारशी कोणी लक्षात घेतली नाही. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस दल जसे होते तसेच राहिले. पुढील वर्षभरात अनेक परिसरांत जी मागणी उभी राहिली ती नेमकी या दलांविषयी होती. परिसर-पोलिसांचा निधी काढून घ्यावा आणि तो समुपदेशन, आरोग्य, निवास, अन्नसाहाय्य अशा विद्यार्थी-आधाराच्या सेवांकडे वळवावा, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. प्रस्तुत लेखात या मागणीची वैचारिक बैठक, तिच्यामागील घटना आणि तिच्यातील उणिवा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी वाचकाला मुळात 'परिसर-पोलीस' ही संकल्पनाच अपरिचित आहे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या फाटकावर खासगी संस्थेचा सुरक्षारक्षक असतो आणि वसतिगृहाला अधीक्षक असतो. पोलीस येतात ते पोलीस ठाण्यातून आणि बहुधा बोलावल्यावर. अमेरिकेत मात्र विद्यापीठाच्या पगारावर असलेला, पिस्तूल व बेड्या बाळगणारा आणि अटकेचा अधिकार असलेला शपथबद्ध अधिकारी ही नित्याची बाब आहे. याची सुरुवात येल येथे १८९४ मध्ये झाली असे मानले जाते. विद्यार्थी आणि न्यू हेवन शहरातील नागरिक यांच्यातील चकमकींनंतर शहराचे दोन पोलीस तेथे कायमचे नेमण्यात आले होते. तथापि आजचे स्वरूप बव्हंशी १९६० व १९७० च्या दशकांतील आहे. युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या आंदोलनांच्या काळात अनेक राज्यांनी कायदे करून विद्यापीठांना स्वतःची दले उभारण्याचे अधिकार दिले. मे १९७० मध्ये केंट स्टेट येथे नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार आणि जॅक्सन स्टेट येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मारले गेले. बाहेरचे सशस्त्र दल परिसरात आले की काय होते याचा तो धडा होता, आणि परिसर समजणारे 'आपले' पोलीस असावेत हा युक्तिवाद त्यातूनच बळावला. म्हणजे आज जे दल काढून टाका अशी मागणी होते, ते एके काळी सौम्य पर्याय म्हणून पुढे आले होते. मागणीच्या समर्थकांच्या लेखनात हा विरोधाभास फारसा आढळत नाही.

अमेरिकी न्याय विभागाच्या २०११-१२ च्या पाहणीनुसार अडीच हजार वा अधिक विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या संस्थांपैकी सुमारे ७५ टक्के ठिकाणी सशस्त्र अधिकारी होते. २००४-०५ मध्ये हे प्रमाण ६८ टक्के होते. सार्वजनिक संस्थांपैकी ९२ टक्के ठिकाणी शपथबद्ध पोलीस होते, तर खासगी संस्थांपैकी ३८ टक्के ठिकाणी.

या मागणीची वैचारिक सामग्री दोन ग्रंथांतून विशेषत्वाने आली. ब्रुकलिन कॉलेजमधील समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स व्हिटाली यांचा 'द एंड ऑफ पोलिसिंग' (२०१७) आणि डेव्हरियन बाल्डविन यांचा 'इन द शॅडो ऑफ द आयव्हरी टॉवर' (२०२१) हे ते ग्रंथ होत. व्हिटाली यांचे प्रतिपादन असे, की दोष पोलिसांच्या प्रशिक्षणात वा निवडीत नसून पोलिसी कामाच्या अवाजवी विस्तारात आहे. मानसिक आजार, बेघरपणा, शाळेतील शिस्त अशा सामाजिक प्रश्नांवर शासनाने एकच उत्तर ठेवले आणि ते म्हणजे पोलीस. हे निदान मार्मिक आहे. मात्र ग्रंथात शाळेविषयी जो तपशील येतो, तसा विद्यापीठाविषयी येत नाही, आणि शाळेवरून विद्यापीठावर उडी मारताना बरेच काही निसटते. विद्यापीठातील विद्यार्थी सज्ञान असतो, परिसरातच राहतो, आणि तेथील संस्था ही शिक्षणसंस्था असते तशी घरमालकही असते. ही उणीव बाल्डविन भरून काढतात. करमुक्त जमीन, रुग्णालये, भाड्याची घरे आणि पोलीस यांच्या साहाय्याने विद्यापीठे शहरांवर कशी सत्ता गाजवतात, हे त्यांनी शिकागो, न्यू हेवन, न्यूयॉर्क अशा शहरांच्या आधारे दाखवले आहे. शिकागो विद्यापीठाच्या पोलिसांची गस्त परिसराबाहेरील वस्त्यांतही असते आणि तिच्या कक्षेत येणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय रहिवाशांचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसतो. या रहिवाशांना त्या दलाविषयी मत देण्याची कोणतीही वाट नाही. माझ्या मते संपूर्ण चर्चेतील सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. दुर्दैवाने विद्यार्थ्यांच्या मागणीपत्रांत तो दुय्यम ठरतो, कारण ती पत्रे स्वाभाविकपणे विद्यार्थ्यांविषयी असतात.

सिनसिनाटी येथील घटना या मुद्द्याला पुष्टी देते. १९ जुलै २०१५ रोजी सॅम्युअल ड्यूबोस या कृष्णवर्णीय नागरिकाला गाडीला पुढची क्रमांकपट्टी नसल्याच्या कारणावरून परिसराबाहेर थांबवण्यात आले आणि विद्यापीठाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना गोळी घातली. अधिकाऱ्यावरील दोन्ही खटल्यांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. विद्यापीठाने कुटुंबाला ४८.५ लाख डॉलर आणि ड्यूबोस यांच्या बारा मुलांना विनाशुल्क शिक्षण देऊ केले. क्रमांकपट्टी तपासणे हे विद्यापीठाचे कार्य कसे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

दुसरी घटना अधिक अस्वस्थ करणारी आहे. १६ सप्टेंबर २०१७ च्या रात्री जॉर्जिया टेकमधील स्काउट शुल्ट्झ या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करून परिसरात संशयास्पद इसम असल्याचे कळवले. तो इसम म्हणजे ते स्वतःच होते. पोलीस आले तेव्हा शुल्ट्झ यांच्या हातात अनेक अवजारे एकत्र असलेला छोटा पक्कड होता आणि त्याचे पाते बाहेर काढलेले नव्हते. आपल्याला गोळी घाला असे ते पोलिसांना विनवत पुढे येत राहिले आणि एका अधिकाऱ्याने गोळी झाडली. खोलीत चिठ्ठ्या सापडल्या. त्या रात्री एका विद्यार्थ्याला मदत हवी होती आणि संस्थेकडे पाठवायला पिस्तूलधारी माणसेच होती. निधी पोलिसांकडून समुपदेशनाकडे वळवा असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशाच घटना असतात, आणि ते गैर नाही.

परंतु त्याच चर्चेत व्हर्जिनिया टेकचे स्मरण करणे भाग आहे. १६ एप्रिल २००७ रोजी तेथे एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना ठार केले. मृतांत स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत त्या दिवसापासून अमेरिकेतील विद्यापीठ निवडताना 'तिथे सुरक्षा कशी आहे' हा प्रश्न शुल्काच्या बरोबरीने विचारला जाऊ लागला. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल आज पुन्हा वाचण्याजोगा आहे, कारण तो दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतो. मारेकऱ्याच्या मानसिक अवस्थेची चिन्हे प्राध्यापकांना, वसतिगृहाला आणि पोलिसांना वेगवेगळी दिसली होती. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्याला बाह्यरुग्ण उपचाराचा आदेशही दिला होता. समुपदेशन केंद्राने पाठपुरावा केला नाही आणि गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून कोणी कोणाला माहिती दिली नाही. वसतिगृहातील पहिल्या दोन हत्या सकाळी सव्वासातच्या सुमारास झाल्या, तर विद्यार्थ्यांना पहिला ई-संदेश ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. हे पोलीस व प्रशासनाचे अपयश. मात्र नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू झाल्यावर पोलीस काही मिनिटांतच आत शिरले. त्या मिनिटांत समुपदेशक काही करू शकला नसता आणि त्याआधीच्या दीड वर्षात पिस्तूल काही करू शकले नसते. 'पोलीस की समुपदेशक' अशी मांडणी केली की हे दोन काळ एकमेकांत मिसळतात.

मागणीची प्रत्यक्ष कसोटी पोर्टलंड स्टेट विद्यापीठात लागली. तेथील अधिकाऱ्यांना २०१५ मध्ये शस्त्रे देण्यात आली. २९ जून २०१८ रोजी याच दलाने जेसन वॉशिंग्टन या नौदलातील माजी सैनिकाला गोळ्या घातल्या. मद्यगृहाबाहेरील भांडण ते सोडवीत होते. ऑगस्ट २०२० मध्ये विद्यापीठाने गस्त निःशस्त्र करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२१ मध्ये तो अमलात आला. २०२३ मध्ये, परिसरात शस्त्रे घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे कारण देऊन, सशस्त्र गस्त पुन्हा सुरू झाली. विरोधक याला प्रयोगाचे अपयश म्हणतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. शहराच्या मध्यवस्तीतील, कोणालाही मोकळा असलेला परिसर आणि साथीनंतर बकाल झालेला तो भाग यांत एकट्या विद्यापीठाने शस्त्रे खाली ठेवली, तर भोवतालच्या शहराचा प्रश्न त्याने सुटत नाही. एवढेच त्या प्रयोगातून सिद्ध होते.

दल नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण कोलंबियाने पुरवले. या विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला अटकेचे अधिकार नव्हते. 'परिसर-पोलीस नकोत' म्हणणाऱ्यांना हवी ती स्थिती तेथे आधीच होती. गाझातील युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले तेव्हा, १८ एप्रिल २०२४ रोजी, प्रशासनाने न्यूयॉर्क शहराचे पोलीस बोलावले आणि शंभरहून अधिक जणांना अटक झाली. ३० एप्रिलला हॅमिल्टन हॉल रिकामा करण्यासाठी ते पुन्हा आले. मार्च २०२५ मध्ये केंद्रशासनाच्या दबावाखाली विद्यापीठाने अटकेचे अधिकार असलेले ३६ विशेष अधिकारी नेमण्याचे जाहीर केले. याउलट लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला स्वतःचे पोलीस दल आहे. तरीही ३० एप्रिल २०२४ च्या रात्री विद्यार्थ्यांच्या तंबूंवर जमावाने हल्ला केला तेव्हा कित्येक तास कोणीही तो थांबवला नाही. तेव्हा प्रश्न दल असण्या-नसण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो बोलावण्याच्या अधिकाराचा आहे. पोलिसांना केव्हा बोलवायचे, हे कोण ठरवतो आणि त्यासाठी कोणाला उत्तर देतो? निधीच्या मागणीत हा प्रश्न बसत नाही. जॉन्स हॉपकिन्स येथेही तेच दिसले. २०१९ मध्ये मेरिलँडच्या विधिमंडळाने त्या खासगी विद्यापीठाला पोलीस दलाचा अधिकार दिला, विद्यार्थ्यांनी गार्लंड हॉलमध्ये महिनाभर ठिय्या दिला, जून २०२० मध्ये योजना किमान दोन वर्षे स्थगित झाली आणि २०२२ च्या अखेरीस शहर पोलिसांशी करार होऊन ती पुन्हा मार्गी लागली. स्थगितीची दोन वर्षे संपली, तोवर ठिय्यातील अनेक विद्यार्थी पदवी घेऊन गेले होते. प्रशासन चिरस्थायी असते आणि विद्यार्थी चार वर्षांचे, हे आपणा अध्यापकांना कोणी शिकवायला नको.

आता पुनर्गुंतवणुकीविषयी. मागणीपत्रांत बहुधा असे गृहीत धरलेले असते, की एका शीर्षातून वजा केलेली रक्कम दुसऱ्या शीर्षात आपोआप जमा होते. अंदाजपत्रकाशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला हे गृहीतक भाबडे वाटेल. समुपदेशन केंद्रांच्या अधिस्वीकृतीचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुमारे एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक व्यावसायिक समुपदेशक अशी शिफारस केली आहे. पण हे गणित दिवसाच्या भेटींचे आहे. शुल्ट्झ यांची वेळ रात्रीची होती. रात्री जाऊ शकेल असे बिनपोलिसी पथक उभे करणे हे वेगळे आणि महागडे काम आहे. ओरेगॉनमधील यूजीन शहरात 'कहूट्स' या पथकाने १९८९ पासून ते करून दाखवले. एक वैद्यकीय साहाय्यक आणि एक संकट-कार्यकर्ता पांढऱ्या व्हॅनमधून जात. २०२० नंतर देशभर त्याचा आदर्श म्हणून उल्लेख झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे यूजीनमधील ती सेवाच बंद पडली. चळवळीने पोलिसांचा निधी कमी करण्यावर जितकी बुद्धी खर्च केली, त्याच्या निम्मी या पथकांचा निधी टिकवण्यावर केली असती, तर चित्र कदाचित वेगळे दिसले असते.

लैंगिक हिंसेच्या प्रश्नावर दोन्ही बाजू अपुऱ्या पडतात. २०१९ च्या तेहतीस विद्यापीठांतील पाहणीत पदवी अभ्यासक्रमातील सुमारे एकचतुर्थांश विद्यार्थिनींनी प्रवेशानंतर बळजबरीचा वा संमती देता न येण्याच्या स्थितीतील लैंगिक स्पर्श अनुभवल्याचे सांगितले. त्यांतील फारच थोड्या पोलिसांकडे गेल्या. 'पोलीस हवेत, कारण स्त्रिया असुरक्षित आहेत' या युक्तिवादाला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. परंतु ज्या जातात त्यांनी कोठे जावे, याचे उत्तरही मागणीपत्रांत क्वचितच सापडते. १९८६ मधील लीहाय विद्यापीठातील खुनानंतर १९९० साली आलेल्या क्लेरी कायद्याने गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी आणि वेळीच इशारा देणे बंधनकारक केले. हे बंधन सशस्त्र दल असो वा नसो लागू आहे, ही बाब मात्र मागणीच्या बाजूने जाते.

आपल्याकडे काढून घेण्याजोगा पोलीस-निधीच नाही, म्हणून ही चर्चा परकी समजणे सोयीचे ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. आपल्या कित्येक महाविद्यालयांत समुपदेशन कक्षाची पाटी नॅकच्या भेटीआधी रंगवली जाते आणि कक्षाचे काम मानसशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. त्याच महाविद्यालयांच्या ताळेबंदात सुरक्षारक्षकांचे कंत्राट आणि कॅमेऱ्यांची देखभाल हे खर्च दरवर्षी बिनतक्रार मंजूर होतात. रात्री अकरा वाजता वसतिगृहातील एखाद्या मुलीची मैत्रीण घाबरून खाली येते, तेव्हा तिला भेटणारा पहिला माणूस फाटकावरचा रक्षक असतो. त्याला बारा तासांची पाळी असते, आणि कोणाला दूरध्वनी करायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते.