पारितोषिक मिळाले नसते तर?

'तारे जमीन पर' डिसेंबर २००७ मध्ये पडद्यावर आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागला. या चित्रपटाचे हे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. अमोल गुप्ते यांची कथा-पटकथा आणि आमीर खान यांचे दिग्दर्शन यांविषयी तेव्हा भरभरून लिहिले गेले. आज तो पुन्हा पाहिला, तरी डोळे पाणावतात. पण ते पुसून झाल्यावर एक प्रश्न मागे उरतो. ईशान अवस्थीला चित्रे काढता येत नसती, तर?

चित्रपटाचे खरे बळ ईशानच्या बापात आहे. नंदकिशोर अवस्थी हा खलनायक नाही. तो राबतो, घर चालवतो, आणि मुलगा जगाच्या शर्यतीत मागे पडेल या भीतीने त्याला वसतिगृहात नेऊन टाकतो. असा बाप आपल्या मोहल्ल्यात दर चौथ्या घरात भेटेल. थोरला योहान वर्गात पहिला, टेनिसमध्येही पुढे. धाकट्याला सतत त्याच्या मापाने मोजले जाते. ईशानने वहीच्या कोपऱ्यांवर काढलेली चित्रे पाने भराभर उलटली की हलू लागतात, आणि चौघांच्या कुटुंबातून एक जण दूर दूर सरकत जातो. निकुंभ सर ती वही घरी आईला दाखवतात, तेव्हा कोणालाही भाषण करावे लागत नाही.

त्याच भेटीत सर बापापुढे परक्या लिपीतला मजकूर ठेवतात आणि वाचायला सांगतात. वाचता येत नाही म्हटल्यावर, ईशानला आजवर जे ऐकावे लागले तेच त्याला ऐकवतात. आमच्या वाचकांना हा प्रसंग अधिकच जवळचा वाटावा. उर्दू माध्यमातले मूल उर्दू उजवीकडून वाचते, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. शिवाय अरबीचा कायदा असतोच. उर्दूच्या ओळीत मध्येच आकडा आला, तर तो पुन्हा डावीकडून वाचायचा! बे, पे, ते, से यांचा आकार एकच; फरक फक्त नुक्त्यांचा, ते वर की खाली आणि किती, एवढाच. ज्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे स्थिर राहत नाहीत, त्या मुलाचे येथे काय होत असेल? २०१५ साली भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी आली, तेव्हा तीत हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी होत्या, उर्दू नव्हती. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ही अडचण आपल्या यादीत घेतली खरी, पण उर्दू शाळेतल्या मुलाच्या पदरी बहुधा जुनाच शेरा येतो : याला जेहनच नाही.

अशा मुलाच्या आईबापांना हा चित्रपट काय देतो? येथे आमचे मतभेद सुरू होतात. निकुंभ सर वर्गात आइन्स्टाइन, लिओनार्दो दा विंची, एडिसन अशी नावे घेतात. (अभिषेक बच्चनचेही घेतात, ते सोडा.) यातल्या जुन्या थोरांना खरोखर डिस्लेक्सिया होता की नाही, याविषयी जाणकारांत एकमत नाही. पण आमचा आक्षेप वेगळा आहे. अडखळणाऱ्या मुलाला जवळ घ्यायला त्याच्यात एखादा आइन्स्टाइन दडलेला असावाच लागतो काय? ईशानचा मित्र राजन पायाने अधू, पण अभ्यासात हुशार. म्हणजे वेगळे असलेले दुसरे मूलही पुन्हा गुणवानच!

आणि मग ती चित्रकला स्पर्धा. ललिता लाजमी स्वतःच्याच भूमिकेत परीक्षक म्हणून येतात, ईशानचे चित्र पहिले ठरते. सभागृहात तेव्हा हटकून टाळ्या पडत. पण पहिले येण्याचा हट्ट ज्या घराला लागला होता, त्या घराला पटकथेने शेवटी पहिला नंबरच आणून दिला. गणितात नाही तर रंगांत. चित्रपटाने ज्या रोगाचे निदान केले, त्याचाच डोस औषध म्हणून पाजला, असे आम्हांला वाटते. जयवंत दळवींनी 'नातीगोती'त ही पळवाट ठेवली नाही. त्यातल्या मतिमंद मुलाच्या अंगी कोणतीही कला नाही, आणि त्याच्या आईबापांना त्याच्याबरोबर रोजचा दिवस काढायचा आहे. ते नाटक पाहून उठणे जड जाते. 'तारे जमीन पर' पाहून मात्र आपण हलके होऊन घरी जातो.

शेवटच्या दृश्यात सुट्टीसाठी न्यायला आलेल्या आईबापांना सोडून ईशान मागे वळून धावतो, सर त्याला हवेत उंच उडवतात, आणि चित्र तेथेच थांबते. आईबाप मागे गाडीपाशी उभे आहेत. सुट्टी संपल्यावर पुढच्या वर्षीचे प्रगतिपुस्तक त्यांच्याच हातात पडणार आहे.