सोपारा येथील पुरावशेष
पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, प्राचीन शूर्पारक बंदराच्या परिसरात पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) यांनी उजेडात आणलेले अवशेष. ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने परिचित असलेल्या टेकाडाचे त्यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले, तेव्हा तो विटांचा स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्यातील दगडी पेटीत तांबे, रुपे, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. सोबत सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, मृत्पात्राचे १३ तुकडे आणि सात बुद्ध व मैत्रेय यांच्या कांस्यमूर्ती होत्या.

हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे, हे भगवानलालांचे मत मुख्यतः बौद्ध परंपरेवर आधारलेले असून उत्खननाने ते सिद्ध होत नाही. त्यांच्या नोंदीचे महत्त्व मात्र अबाधित आहे. नाणे इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकांतील ठरतात. त्यामुळे स्तूप उत्तरकाळी पुन्हा उघडला गेला असावा, असे अनुमान निघते. वस्तू सुट्या विखुरल्या असत्या, तर ही विसंगती ध्यानात आली नसती.

त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. कोकणकिनाऱ्यावरील मौर्य सत्तेचा पुरावा म्हणून हे भग्न पाषाण स्तूपातील सुवर्णाहूनही मोलाचे होत.