सूज, फुगवटा आणि पीळ : अश्वांच्या आंत्रपरीक्षणाची मराठी परिभाषा

आधुनिक वैद्यकातील निरीक्षण मराठीत सांगावयाचे झाले, म्हणजे चर्चा बहुधा नव्या शब्दांच्या टंचाईपाशी येऊन थांबते. घोड्याच्या आतड्याच्या भिंतीचे श्राव्यातीत ध्वनीने केलेले परीक्षण हे उदाहरण घेतले असता मात्र निराळाच प्रत्यय येतो. येथे अडचण आहे ती परिचित शब्दांच्या सैल वापराची. वसई-विरारच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा नाही. त्याच्या नित्याच्या पश्चिम रेल्वेमार्गावरच महालक्ष्मीचे १८८३ सालचे शर्यतीचे मैदान आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परळ येथील परंपरा १८८६ पासूनची आहे. अशा क्षेत्रात पशुवैद्याचे निदान मालकापर्यंत व मोतद्दारापर्यंत पोहोचते ते बोलीतूनच.

पद्धतीच्या नावाविषयी फारसा वाद उरलेला नाही. व्यवहारात ‘सोनोग्राफी’ रुळली आहे. शास्त्रीय लेखनात ‘श्राव्यातीत’ हा शब्द यथार्थ होय, कारण सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांच्या पलीकडचा ध्वनी मानवी कानास ऐकू येत नाही. त्याऐवजी ‘स्वनातीत’ योजणे चुकीचे; तो शब्द ध्वनीहून अधिक वेगाचा वाचक आहे. ‘आतड्याचे चित्र’ हा प्रयोगही अतिव्याप्त ठरतो. आतड्यातील वायू ध्वनी परतवून लावतो. त्यामुळे बहुधा तपासयंत्राच्या बाजूची भिंतच स्पष्ट दिसते, पलीकडची झाकली जाते.

खरा घोटाळा ‘सूज’ या शब्दाने होतो. निरोगी घोड्याच्या लघ्वांत्राची भिंत सामान्यतः ३ मि.मी.पर्यंत, तर बृहदांत्राची ४ मि.मी.पर्यंत जाड असते. ती अधिक जाड आढळली की ‘आतड्याला सूज आहे’ असे म्हटले जाते. परंतु या एका वाक्यात तीन भिन्न अवस्था सामावतात. भिंतीचा दाह झालेला असेल. रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन भिंतीत रक्त व द्रव साचला असेल. किंवा भिंत न वाढता आतील पोकळीच वायूने वा द्रवाने ताणली गेली असेल. पहिलीला ‘आंत्रशोथ’ हा शब्द उपलब्ध आहे, तिसरीला ‘फुगवटा’. दुसरी अवस्था बृहदांत्राला पीळ पडल्यास उद्भवते, आणि तेथे औषध देऊन वाट पाहणे प्राणघातक ठरू शकते.

‘पीळ’ हा शब्द नेमका आहे. पण ‘आतड्याला पीळ पडणे’ हा वाक्प्रचार दुःखाचा वाचक म्हणून इतका रूढ झाला आहे की ऐकणाऱ्यास त्यातील शारीरिक अर्थ जाणवेलच असे नाही. शिवाय पीळ बहुधा पडद्यावर दिसत नाही. दिसते ती भिंतीची जाडी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ घोड्यांच्या अभ्यासात ९ मि.मी. किंवा त्याहून अधिक जाडी हा निकष लावला असता पीळ असलेल्या घोड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घोडे ओळखता आले. पीळ नसलेल्या एकाही घोड्यास मात्र तो लागू पडला नाही. अर्थात जाडी आढळल्यास संशय बळावतो. न आढळल्यास तो फिटत नाही.

हा भेद व्यक्त करण्याचे सामर्थ्य मराठीच्या क्रियापदातच आहे. ‘भिंत ९ मि.मी. जाड आहे, पीळ असावा’ या वाक्यात ‘आहे’ने निरीक्षण आणि ‘असावा’ने अनुमान वेगळे राखले जाते. ‘पीळ दिसतो’ असे लिहिणारा अनुमानास प्रत्यक्षाचा अधिकार देतो. ‘सूज आहे’ एवढेच लिहिणारा निरीक्षणातील निकड घालवितो. घोड्यास वांती होत नाही, आणि पूर्ण पीळ पडल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यास काही तासच हाती असतात. त्या अवधीत मालकाच्या हाती पडणाऱ्या वाक्यावर जनावराचे जीवित अवलंबून असते. म्हणून परिभाषेची कसोटी शब्द संस्कृतोद्भव आहे की देशी, ही नव्हे; त्याने दोन अवस्थांमधील अंतर राखले की पुसले, ही होय.