साधन कुणाच्या हातात? आफ्रिकेतली समुदाय रंगभूमी



आजचा विषय 'सामाजिक विकासाचं साधन म्हणून आफ्रिकेतली समुदाय रंगभूमी' असा ठरला आहे. यातल्या 'साधन' या शब्दाशी माझं जरा भांडण आहे. साधन म्हटलं की ते कुणाच्या तरी हातात असतं. मग आधी विचारायला हवं, की हात कुणाचा? हा प्रश्न धरून मी आज तीन ठिकाणांबद्दल बोलणार आहे. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे, म्हणून नावं घेऊनच बोलू.

पहिलं ठिकाण बोट्स्वाना. १९७४ साली तिथल्या बोकालाका भागात 'लाएड्झा बाटानानी' नावाची मोहीम सुरू झाली. नावाचा अर्थ साधारण असा, की सूर्य वर आला, चला, मिळून कामाला लागू. प्रौढशिक्षणातल्या मंडळींनी स्थानिक पुढारी आणि विस्तार कार्यकर्ते यांना बोलावून गावातले प्रश्न ठरवायचे, त्यावर नाटक, गाणी, बाहुल्यांचे खेळ बसवायचे, गावोगाव प्रयोग करायचे आणि प्रयोगानंतर लोकांचे गट पाडून चर्चा घ्यायची. पद्धत सोपी होती, स्वस्त होती. ती शेजारच्या देशांतही पोचली.

पण गंमत पुढेच आहे. या मोहिमेतलेच दोघे जण, रॉस किड आणि मार्टिन बायरम, यांनी काही वर्षांनी स्वतःच्याच कामाची कठोर तपासणी केली. गावचे प्रश्न कुणी ठरवले? ज्यांचा शब्द गावात आधीच चालत होता, त्यांनी. मग नाटकातून काय निघालं? गरीब माणूस अडाणी आहे, त्याने सवयी बदलल्या की त्याचं भलं होईल. म्हणजे खेळ लोकांपुढे झाला, पण प्रश्न लोकांचा नव्हता. आपल्या यशस्वी ठरलेल्या कामाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं. मला तर त्या मोहिमेची सर्वांत मोलाची निष्पत्ती ही तपासणीच वाटते.

दुसरं ठिकाण केनिया. नैरोबीजवळ लिमुरू, तिथलं कामिरिथू हे गाव. ब्रिटिशांनी आणीबाणीच्या काळात, १९५० च्या दशकात, लोकांना उठवून वसवलेली ही वस्ती. आसपास चहाचे मळे आणि बुटांचा कारखाना. १९७६ साली या गावातली एक बाई रविवारी सकाळी न्गुगी वा थिओंगो यांच्या दारात आली. तुम्ही एवढे शिकलेले, पुस्तकं लिहिता, मग गावासाठी काही का करत नाही? न्गुगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख. बाई पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि शेवटी ते गेले. इथे कोण कुणाकडे गेलं ते बघा. निमंत्रण गावाचं होतं.

न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयू भाषेत 'न्गाहिका न्देंदा' हे नाटक लिहिलं. मला वाटेल तेव्हाच लग्न करीन, असा नावाचा अर्थ. संहिता गावापुढे वाचली गेली, आणि गावाने ती दुरुस्त केली. म्हातारे म्हणाले, वडीलधारी माणसं अशी बोलत नाहीत. कामगारांनी कारखान्याच्या आतलं सांगितलं. लग्नातल्या पारंपरिक गाण्यांचा भाग लिहितावाचता न येणाऱ्या एका वृद्धेने शिकवला. तालमी उघड्यावर, येणाराजाणारा चूक काढणार! सुमारे दोन हजार माणसं बसतील असा खुला रंगमंचही गावानेच बांधला.

कथा साधी आहे. किगुंदा हा शेतमजूर. दीड एकर जमीन हीच त्याची प्रतिष्ठा, तिचा कागद भिंतीवर लावलेला. श्रीमंत मालक त्याला आणि त्याच्या बायकोला सांगतो, तुमचं लग्न चर्चमध्ये व्हायला हवं. त्या खर्चापायी जमीन गहाण पडते, आणि जाते.

टीकाकार म्हणून सांगतो, या नाटकात दोष आहेत. श्रीमंत पात्रं एकरंगी आहेत. गिचांबा या कामगाराची भाषणं लांबतात. उपदेश तर शौचालयाच्या नाटकातही असतो. मग फरक कुठे? फरक कारणात आहे. तिथे गरिबीचं कारण गरिबाच्या डोक्यात शोधतात. इथे ते भिंतीवरच्या कागदात आहे, मालकाच्या बँकेशी असलेल्या संबंधांत आहे.

आणि हे सरकारला बरोबर कळलं. २ ऑक्टोबर १९७७ ला प्रयोग सुरू झाले, १६ नोव्हेंबरला परवाना रद्द. वर्ष संपता संपता न्गुगी तुरुंगात. खटला न चालवता सुमारे वर्षभर. १९८२ मध्ये पुढच्या नाटकाला, 'माईतू न्जुगिरा'ला, परवानगी नाकारली गेली. त्यात केनियातल्या अनेक भाषांतली गाणी होती, म्हणजे आवाज गिकुयूंपुरता राहणार नव्हता. त्याच मार्चमध्ये पोलिसांनी कामिरिथूचा रंगमंच जमीनदोस्त केला. शौचालयाच्या नाटकाचा मंच कुणी पाडल्याचं ऐकलंय?

पण इथेच टाळ्या वाजवून थांबणं सोपं आहे, म्हणून तिसरं ठिकाण. लेसोथो. झेक्स म्डा यांनी तिथल्या मारोथोली फिरत्या नाटकमंडळीच्या कामावर १९९३ मध्ये 'व्हेन पीपल प्ले पीपल' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्या उत्साहाला आवर घालणारं आहे. नुसता संदेश दिला तर लोक प्रेक्षकच राहतात. पण सगळंच लोकांवर सोडलं, तरी चिकित्सा आपोआप होत नाही. गावात जे विचार आधीच रूढ आहेत, तेच नाटकातून परत येतात. म्हणून लोकांचा सहभाग हवा, आणि बाहेरून आलेल्या जाणत्याचा योग्य तेवढा हस्तक्षेपही हवा. कामिरिथूमध्ये तेच तर झालं! दोन शिकलेल्या माणसांनी मसुदा आणला, आणि तो खोडण्याचा हक्क गावाला दिला.

तेव्हा अशा नाटकाचं मूल्यमापन करताना किती प्रयोग झाले, किती माणसं जमली, हे अहवालात येऊ द्या. आपण एवढंच विचारू या, की ज्याच्याबद्दल नाटक आहे, त्याला संहितेवर काट मारता येत होती का?